मागच्या सीटवरची दिल्ली

मी दिल्लीला जाऊन आले आहे आणि मी दिल्ली पाहिलेली नाही. यात दोष जास्त माझा आणि थोडा सासूचा.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्याला दोनएक वर्षं झाली असतील. त्या साली पाऊस आलाच नाही. विहिरीत गाळ राहिला, रानात काम उरलं नाही. नुसतं बसून काय करायचं, म्हणून आमच्या गावच्या आणि अहमदपूरच्या लोकांनी मिळून काशीयात्रेची बस ठरवली. दुष्काळात यात्रा कशी सुचली, असं माझी नात विचारते. दुष्काळातच सुचते. एरवी सवड कुणाला असते? नवरा जनावरांच्या चाऱ्यापायी मागं राहिला. सासू निघाली आणि तिच्याबरोबर मी.

मला देव दाखवायला नेलं नव्हतं. चाळीस माणसं, महिनाभराचा प्रवास, टपावर ज्वारीच्या पिठाची पोती, भांडी, सरपण. गाडी थांबेल तिथं चूल मांडायची आणि भाकरी थापायच्या. त्या थापायला आम्ही पाच सुना. उज्जैनला दर्शनाला गेले तेव्हा नखात पीठ होतं. मथुरेपर्यंत माझं उजवं मनगट सुजून आलं.

मथुरेला सकाळी मी सासूला म्हणाले, "आत्या, मला कावळा शिवला."

बाईला महिन्याची पाळी आली की आमच्याकडं असं म्हणतात. मग चार दिवस तिनं चुलीला, पाण्याला, माणसाला शिवायचं नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ केली की मोकळी. मला कोणताही कावळा शिवला नव्हता. मला चार दिवस भाकरी थापायची नव्हती, एवढंच.

सासूनं माझ्याकडं नीट बघितलं.

"आत्ता?"

"हाव."

"बरं. जाय मागं."

बसच्या मागच्या लांब सीटवर माझं अंथरूण, माझा तांब्या, माझी ताटली गेली. त्या दिवशी मी दुपारभर झोपले. लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्यात दुपारी झोपल्याचं मला आठवत नाही. बाकीच्या चौघींच्या अंगावर माझ्या भाकरी पडल्या. त्या येता-जाता बोलत होत्या. बोलू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यात्रा नेणारा माणूस गाडीत उभा राहून म्हणाला, "आज दिल्ली. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, राष्ट्रपतीचा बंगला. आज देव न्हाई, नुसतं बघायचं. रात्रीच्याला हरिद्वारकडं."

मला वाटलं होतं मथुरेवरून सरळ हरिद्वार. मी ताडकन उठले. शाळेत मी चौथीपर्यंतच गेले, पण पुस्तकातलं लाल किल्ल्याचं चित्र डोक्यात राहिलं होतं. देवळं काय, आमच्याकडंही आहेत. हा किल्ला मला बघायचा होता.

"आत्या, किल्ल्यात देव न्हाई. मी लांबून लांबून चालते," मी म्हणाले.

"लांबून म्हंजे? गर्दीत कुणाकुणाला शिवत फिरशील? बस गप."

अहमदपूरची एक बाई होती, किराणा दुकानवाली, लिंगायत. तिच्या गळ्यात लिंग असायचं. ती सासूला म्हणाली, "आमच्यात हे पाळत न्हाईत. गळ्यात लिंग हाय, मग कशाचा इटाळ? माझ्यासंग येऊ द्या, मी हात धरते तिचा."

"तुमचं तुमच्यात ठेवा, अक्का," सासू म्हणाली. "अन वाटंत कुणाला शिवली तर आंघोळी कोण घालणार? ह्यो ड्रायव्हर?"

सगळी गाडी हसली. ड्रायव्हरही हसला.

किल्ल्यापाशी गाडी लागली. ड्रायव्हरलाही किल्ला बघायचा होता. "बाई हाय की राखणीला," तो म्हणाला, आणि राखणीला बाई असताना वरून दाराला साखळी घालून कुलूप लावलं. "दिल्ली हाय. चोर लई."

चैत्राचं ऊन आणि पत्र्याची गाडी. खिडक्यांना आडवे गज. शेजारी दुसरी बस अगदी खेटून उभी होती, तिच्या टपावरून लाल भिंत वीतभर दिसत होती. पाट्या मात्र वाचता आल्या. इथे थुंकू नये, इथे गाडी लावू नये, खिसेकापूंपासून सावध राहा, असं हिंदीत लिहिलं होतं. चौथीचा तेवढा उपयोग झाला. एक शेंगावाला खिडकीखाली आला. कुठून आलात म्हणाला. लातूर जिल्हा म्हटलं, तर त्याला कळेना. नांदेड म्हटलं, ते कळेना. शेवटी त्यानंच विचारलं, "हैदराबाद?" मी म्हटलं, हाव, हैदराबाद. तो खूश होऊन गेला.

तांब्यातलं पाणी संपलं. पाण्याचं पिंप पुढं, ड्रायव्हरच्या मागं. माझा विटाळ खोटा आहे हे मला पक्कं माहीत होतं, तरी पिंपात हात घालताना भीती वाटली. पोटभर प्याले. मग जाऊन सासूच्या सीटवर बसले. तिची सीट माझ्यापेक्षा वाईट निघाली, स्प्रिंग वर आलेली, मांडीला टोचत होती. इतक्या दिवसांत तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मी परत मागं आले.

दोन तासांनी माणसं आली. आत काय आहे म्हणून विचारलं, तर एक जण म्हणाला, दगड. पण त्याचं तोंड बघितलं तर दगडापेक्षा जास्त काहीतरी पाहिलेलं दिसत होतं.

कुतुबमिनारपाशी गाडी थांबली. लोक उठायला लागले तशी मी मधल्या वाटेत उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "मला काही झालेलं न्हाई. मी खोटं बोलले. मला खाली उतरू द्या."

उठलेली माणसं मागं वळली. मग भाकरीवाल्या चौघींतली एक म्हणाली, "खोटं तू आत्ता बोलायलीस. मिनार बघायसाठी."

"न्हाई, काल बोलले."

"काल बी खोटं, आज बी खोटं. आम्ही कोणतं धरावं?"

"खरं कशावरून?" दुसरी म्हणाली.

कशावरून, याचं उत्तर भरल्या गाडीत दाखवता येत नाही. मी वाट सोडली नाही. तेव्हा अहमदपूरची बाई म्हणाली, "सासूला इचारा की. सासूला ठाव असतंय."

सासूला ठाऊक होतं. त्या साली घरातलं पाणी तिच्या ताब्यात होतं. सुनेच्या डोक्यावरच्या आंघोळीला जादा घागर लागायची, ती सासूकडून मागून घ्यावी लागायची. निघण्याच्या चार दिवस आधी ती मी मागितली होती, आणि तिनं शिव्या घालत दिली होती. मथुरेला पोचलो तेव्हा त्याला दोन आठवडेही झाले नव्हते, म्हणजे माझे दिवस तिथं येणं शक्य नव्हतं. हे मथुरेलाच तिला कळलेलं होतं, "आत्ता?" म्हणाली तेव्हाच.

सगळे तिच्याकडं बघत होते. मीही.

तिनं पदर डोक्यावर ओढला. "मला काय ठाव? मी काय तिचे दिस मोजत बसते?" म्हणाली आणि माझ्याकडं न बघता खाली उतरली.

तिनं खरं सांगितलं असतं तर तिची सून चाळीस माणसांत खोटारडी ठरली असती. विटाळशी सून चालते, खोटारडी चालत नाही. गावाकडं परत जायचं होतं. हे मला तिथंच कळलं. कळलं म्हणून राग कमी झाला नाही. मी मागं जाऊन बसले. ड्रायव्हरनं पुन्हा साखळी घातली.

कुतुबमिनारचा मला मधला भाग दिसला. वरचा टपानं अडवला, खालचा झाडांनी. इंडिया गेट आणि राष्ट्रपतीचा बंगला यांच्यासाठी गाडी थांबलीच नाही, नुसती हळू झाली. लोक उठून एका बाजूच्या खिडक्यांना चिकटले. मी चाळीस पाठी पाहिल्या.

दिवस मावळताना शहराच्या बाहेर चूल पेटली. सासू माझी ताटली भरायला मागं आली. शिवायला नको म्हणून तिनं भाकरी वरूनच टाकली. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी वरूनच.

"खोटं बोलायचं तर आधी फुडचं गाव कोणतं ते इचारावं," ती म्हणाली.

"तुम्हाला ठाव होतं."

"खा. गार हुईल."

"माझा हात सुजलाय, आत्या."

तिनं हाताकडं बघितलं. "मग तसं म्हनायचं की."

"म्हनले असते तर काय केलं असतंत?"

तिनं जरा विचार केला. ती खोटं बोलली नाही. "भाकरी थाप म्हनले असते," म्हणाली आणि कालवणाची पळी घेऊन पुढं गेली.

मी जेवले. राहिलेले दोन दिवस मागच्या सीटवर काढले. हरिद्वारला काही झालेलं नसताना, सगळ्या बायकांच्या समोर, डोक्यावरून गार पाण्यानं आंघोळ केली आणि ओल्या केसांनी परातीपुढं बसले.