खंडू पैलवानाचा गुडघा

खंडू पैलवान धड चालत आला, हे मी ओट्यावरूनच पाहिलं. तरी बसल्याबरोबर म्हणाला, "मावशी, गुडघ्याला पट्टी बांधा."

वलवणला मी हाडं बसवायची. सासूकडून शिकले. आता डॉक्टर प्लास्टर घालतात. तेव्हा आम्ही बांबूच्या कामट्या लावून अंड्याच्या पांढऱ्या बलकात भिजवलेलं फडकं गुंडाळायचो. जत्रेच्या फडात अंगावर माझी पट्टी दिसली, की पंच त्या पैलवानाची जोड लावत नसत. कोणी हसतही नसे.

गुडघा दाबून पाहिला. काही झालेलं नव्हतं.

खरं दुखणं मला ठाऊक होतं. मागच्या जत्रेत खंडूने सुदुंबऱ्याच्या रामजीला चीत केलं. त्या झटापटीत खंडूचा डावा खांदा निखळला, म्हणजे हाड खोबणीतून बाहेर आलं. मीच बसवला. एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळतो. लोकांनी निकाल पाहिला. रामजीच्या हाताला मात्र तो खांदा कळला होता. यंदा खंडूशीच खेळणार, असं तो सांगत सुटला होता.

"खांद्याला बांधते," मी म्हटलं.

"खांदा नगं. एकदा दिसला की जो यील त्यो तितंच हात घालंल. मग पाटील दूध बंद करत्याल."

त्याचा खुराक पाटलांकडून यायचा. रामजीला पुन्हा हरवून त्यात शेरभर दूधही वाढणार नव्हतं. हरला तर सगळाच जाणार होता.

"धड गुडघ्याला बांधली, तर उद्या खऱ्या मोडक्यालाबी पंच फडात वढतील. खांद्याला बांधून घे, न्हाई तर ऊठ."

तो उठला.

बायका फडात जात नसत. आमचे मालक पाहून आले. पंचांनी दोघांचे हात जुळवले. खंडूला नाही म्हणायला कारण नव्हतं. रामजी थेट डाव्या हाताला लागला. मालकांचं पान चघळून होण्याआधी निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी खंडू हात पोटाशी धरून आला. काखेत टाच रोवून मी हात ओढला, खांदा बसवला. मग विचारलं, "कुटं बांधू? गुडघ्याला?"

"खांद्यालाच बांधा," तो म्हणाला. "आता समद्यांना ठावं झालंय."

दूध रामजीकडे गेलं. पुढच्या जत्रेआधी रामजी आला. धड चालत. म्हणाला, घोट्याला पट्टी बांधा.

घोटा मी पाहिलाच नाही. जिंकलेला पैलवान दुखरी जागा कधी दाखवत नाही. खरं कुठं दुखतंय, तेवढं विचारलं.