बाबा फोनवर यायचे नाहीत

महागावच्या स्टँडवर नागपूरची बस लागली, तेव्हा माझी मोठी बॅग बाबांनीच उचलून डिक्कीत ठेवली. कोणाला हात लावू दिला नाही. आई खिडकीखाली उभी राहून सूचना देत होती. पासपोर्ट हातातल्या पर्समध्येच ठेव, विमानात झोपू नको, उतरल्याबरोबर फोन कर. बाबा मात्र बस सुटेपर्यंत पुढे ड्रायव्हरच्या दाराशी, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. इंजिन सुरू झालं. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "बाबा, येते मी!" ते वळले नाहीत. मी पुन्हा हाक मारली. तरी नाही. मग मी डोकं आत घेतलं आणि काच लावून टाकली.

इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा ते एकदाच बोलले होते, "पुसदले नोकरी आहे ना तुही, मंग तिकडं कायले जाते?" त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. म्हणून स्टँडवरची ती पाठ मला लगेच समजली. म्हणजे समजली असं मला वाटलं. बाबा रागावले होते.

माझे बाबा शिंपी. महागावच्या बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं. शाळेचे गणवेश, शर्ट-पँट, बायांचे ब्लाउज, सगळं शिवायचे. शिवता शिवता पेपर वाचायचे, तोही मोठ्याने, म्हणजे समोर बसलेल्यालाही ऐकू जावा. आमच्या गावच्या बुद्धविहारात वाचन असलं की पुस्तक त्यांच्याच हाती दिलं जायचं. मला ते म्हणायचे, "समजलं नाही तरी वाच, बेबी. वाचता वाचता समजते." माझं नाव सुजाता, पण घरात मी बेबीच.

त्यांचं हे वाक्य मला नागपूरला उपयोगी पडलं. पुसदच्या एका खाजगी दवाखान्यात काही वर्षं नर्स म्हणून काढल्यावर मी नागपूरच्या एका क्लासमध्ये परदेशी जाणाऱ्या नर्सेसच्या इंग्रजी परीक्षेची तयारी सुरू केली. शाळा मराठीतून झालेली. गोळ्या-इंजेक्शनांचं इंग्रजी येत होतं, माणसांचं येत नव्हतं. आणि परीक्षेतले उतारे तर बहुतेक म्हाताऱ्या माणसांवरचे असायचे. तोल जाऊन पडणं, भूक मंदावणं, एकटेपण. फ्रेल म्हणजे आजारी नव्हे, पण जरा धक्का लागला तरी कोलमडेल असा. वेलबीइंग म्हणजे नुसती तब्येत नव्हे, तर माणूस आतून-बाहेरून बरा असणं. असे शब्द मी पाठ करायची. एका उताऱ्यात विथड्रॉन हा शब्द आला. विथड्रॉ मला बँकेतल्या पैशांपुरतं ठाऊक होतं. मी क्लासच्या मॅडमना विचारलं, या म्हाताऱ्याने पैसे काढले म्हणून नर्स काळजी का करते आहे? सगळा वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "त्यानं पैसे नाही काढले. स्वतःला काढून घेतलंय, माणसांतून." मी तो अर्थही पाठ केला. परीक्षा पास झाले.

नोकरी लागली ती उत्तर इंग्लंडमधल्या, समुद्राकाठच्या एका लहान गावात, वृद्धांच्या निवासात. समुद्र पाहून मला आनंद होईल असं वाटलं होतं. पण तो समुद्र राखाडी होता, आणि थंडी अशी की हातमोज्यातही बोटं आखडायची. निवासापासून जवळच एक खोली मिळाली. सकाळी दार ओढून घ्यायचं, संध्याकाळी उघडायचं. मधल्या वेळात त्या खोलीत कोणी बोललेलं नसायचं.

परीक्षेतलं इंग्रजी तिथे फारसं चाललं नाही. म्हातारे लोक पुस्तकातलं बोलतच नव्हते. आर्थर नावाचे एक आजोबा होते, आयुष्यभर बस चालवलेले. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, आज मी पुअरली आहे. मला वाटलं, बिचारे गरिबीबद्दल बोलताहेत. मी त्यांचा हात हातात घेऊन समजावलं की पैसा म्हणजे सर्वस्व नसतो. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना ताप होता. तिकडे पुअरली म्हणजे बरं नसणं. हे मला आमच्या वरिष्ठ सिस्टर लिझी यांनी सांगितलं. त्या केरळच्या, इंग्लंडमध्ये येऊन केस पांढरे झालेल्या. त्या खूप हसल्या, मग म्हणाल्या, "मीही पहिल्या वर्षी असंच केलं होतं."

रविवारी मी घरी फोन करायची. माझी दुपार असली की महागावकडे संध्याकाळ. फोन आईच उचलायची. सोयाबीन कसं आलं, कोणाच्या पोरीचं जमलं, सगळं सांगायची. मग मी म्हणायची, बाबांना दे. बाबा फोन घेत, ओरडल्यासारखं "हो, हो, बरं हाय" म्हणत, आणि माझं पुढचं वाक्य संपायच्या आत, "घे, आईसंग बोल," म्हणून फोन परत देत. कधी मी विचारलेलं एक आणि त्यांनी सांगितलेलं भलतंच. मी विचारावं, दुकान कसं चाललंय, तर त्यांनी म्हणावं, पाऊस नाही. मला वाटायचं, मुद्दाम टाळताहेत. हळूहळू ते फोनवर येईनासेच झाले. पुढे आईने सांगितलं की बाबांनी दुकान बंद केलं, डोळे थकले म्हणतात. विहारातही जात नाहीत. "घरीच बसते, कोनासंग बोलत नाही," आई म्हणाली. मी विचारलं, अजून माझ्यावर रागावलेत का? आईने पावसाचा विषय काढला. त्या विषय बदलण्याचाही मी माझ्यापुरता अर्थ लावून घेतला.

त्या दिवसांत मी निवासातून परतताना समुद्राच्या कडेने लांबचा रस्ता घ्यायची. खोलीवर लवकर पोचून करायचं काय? दिवसभर मी वीस म्हाताऱ्यांना विचारलेलं असायचं, झोप लागली का, जेवण गेलं का, मन कसं आहे. आणि माझा बाप माझ्याशी बोलत नव्हता.

निवासात अधूनमधून दुपारी प्रशिक्षण असायचं. सिस्टर लिझी आम्हा सगळ्यांना टेबलाभोवती बसवायच्या आणि एकेकीला एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावायच्या. निम्म्याजणी माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या, म्हणून उच्चारांचाही सराव व्हायचा. त्या दिवशी विषय होता म्हातारपणी कमी ऐकू येणं. माझ्या वाट्याला आलेला परिच्छेद मी नीट, थांबत थांबत वाचत होते. ज्यांना ऐकू येत नाही ते सहसा तसं सांगत नाहीत. आधी फोन टाळतात, बायकोकडे किंवा नवऱ्याकडे देऊन टाकतात. विचारलं एक तर अंदाजाने उत्तर दुसरंच देतात. गर्दीच्या जागी जाणं सोडतात. घरच्यांना वाटतं, माणूस चिडला आहे किंवा तऱ्हेवाईक झाला आहे. तो विथड्रॉन झालेला असतो.

त्या शब्दावर मी थांबले. शेजारच्या मुलीला वाटलं, मला उच्चार येत नाही. तिने हळूच सांगितला. मला उच्चार येत होता. मला पुढचं दिसत नव्हतं. सिस्टर लिझी म्हणाल्या, "सुजाता, कोण आहे?" त्यांनी "काय झालं" असं विचारलं नाही. मी म्हटलं, "माझे वडील."

पुढच्या रविवारी मी व्हिडिओ कॉल लावला. आईला म्हटलं, फोन बाबांसमोर धर, बोलायला लावू नको. बाबा ओसरीत खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली. फोन पाहून त्यांनी हातानेच नको म्हटलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या पाठीवर जाड पेनाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. ते मी कॅमेऱ्यासमोर धरलं.

बाबांनी चष्मा लावला. आणि विहारात वाचायचे तसं, एकेक शब्द मोकळा करून, मोठ्याने वाचलं, "बाबा, तुमाले ऐकू कमी येते का?"

वाचून झाल्यावर त्यांनी कागदाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग आईकडे वळले. "तू सांगतलं का इले?"

"मी कायले सांगू? तुमीच तर शपथ घातलती," आई म्हणाली. ते त्यांना ऐकू गेलं नाही. आईने मान हलवली तेव्हा कळलं.

"लय दिस झाले, बेबी," बाबा म्हणाले. आवाज गरजेपेक्षा मोठा होता. आता कळलं, तो तसा का असायचा. "गिऱ्हाइकानं सांगाव एक, मी कापाव दुसरंच. एका पोराची फुल पँट हाफ करून ठेवली. लोक हासले. मंग दुकानच बंद केलं. तुले कायले घोर लावाव म्हनलं, तू इतकी दूर."

मी दुसरं पान फाडलं. घाईघाईने लिहिलं, अक्षरं वाकडी आली. "तुम्ही माझ्यावर रागावले नाही?"

त्यांनी तेही वाचलं. "राग? कायचा राग?" मग म्हणाले, "राग नाही. वाईट वाटलतं. स्टँडवर मी ड्रायव्हरले इचारत होतो, गाडी कुठं कुठं थांबते म्हनून, लेक एकटी जाऊन राह्यली. त्याचं समजे नाही, म्हनून त्याच्या तोंडाकडंच पाहत होतो. वळून पाह्यतो तं गाडी निंगाली, तुही काच बंद. मले वाटलं, तू बोलल्याबिगरच गेली."

मी कागद खाली ठेवला. तिसरं पान मला लिहिता येईना. आईच मध्ये पडली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "तिनं हाका मारल्या होत्या! दोन खेपा!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी चष्मा काढला आणि उपरण्याने पुसत बसले.

त्यानंतर आई त्यांना पुसदला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. एक कान जवळजवळ गेलेला निघाला, दुसऱ्याला मशीन बसलं. त्या दिवशी त्यांनी आपणहून फोन केला. "पंखा एवढा वाजते हे मी इसरूनच गेलतो," म्हणाले. "आनि तुही आई एवढी बोलते हेही." मी हसले. माझं हसू त्यांना ऐकू गेलं.

इथे गोष्ट संपली असती तर फार छान झालं असतं. तसं झालं नाही. बाजाराच्या कलकलाटात मशीन कानात नुसतं खरखरायचं. दुकान काही त्यांनी पुन्हा उघडलं नाही. ओळखीच्यांची बारीकसारीक दुरुस्ती घरीच करतात. ज्यांच्याशी बोलत बसावं असे त्यांचे दोघे सोबती मधल्या काळात वारले होते. आणि आम्हा दोघांनाही फोनवर बोलायची सवय राहिली नव्हती. ख्यालीखुशाली झाली की दोन्हीकडे शांतता. ऐकू यायला लागलं, पण बोलायचं काय?

पुढच्या वर्षी मी रजेवर गावी गेले. बाबा खाटेवर बसले होते. मी जाऊन त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले, उजेड माझ्या तोंडावर येईल अशी. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सावकाश, ओठ नीट हलवत विचारलं, "बाबा, कसं वाटतं तुम्हाला? जेवण बरं जातं का? रात्री झोप लागते का?"

आई चुलीपुढून म्हणाली, "बापासंग अशी पेशंटसारखी काहून बोलून राह्यली?"

माझा हात त्यांच्या गुडघ्यावरच होता. आईचं बरोबर होतं. आर्थरशी मी अशीच बसून बोलायची. माझं चुकलं काहीच नव्हतं, सगळं शिकवल्याप्रमाणेच होतं, आणि तरी मी बाबांची नर्स झाले होते. बाबांनी माझा हात बाजूला केला नाही. थोडं सरकून खाटेवर जागा केली. मी वर बसले, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला. मग बराच वेळ आम्ही समोरच्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जाताना पाहिल्या.

पुसदला, यवतमाळला, नागपूरला ज्या पोरी आता तेच उतारे पाठ करताहेत, त्यांना सांगावंसं वाटतं. शब्द नीट शिका. ते फक्त तिकडच्या म्हाताऱ्यांसाठी आहेत असं समजू नका. आणि गावी जे राहिलेत त्यांना एवढंच सांगते, आम्हाला घोर लागू नये म्हणून गप्प बसू नका. घोर इथे येताना आम्ही सोबतच आणलेला असतो.

मी परत इंग्लंडला आले त्याला आता बरेच महिने झाले. आर्थर गेले. त्यांच्या खोलीत एक बाई राहायला आल्या. मी अजून लांबच्या रस्त्यानेच खोलीवर जाते. कुणी विचारलं घर कुठे, तर कधी गावाचं नाव सांगते, कधी इथला पत्ता. दोन्ही सांगताना पूर्ण खरं बोलल्यासारखं वाटत नाही. मागच्या रविवारी मात्र बाबांनी फोन केला. पाऊसपाणी झालं, आईचे गुडघे झाले, नेहमीची शांतता आली. मला वाटलं, आता ठेवतील. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बेबी, तुले करमते का वं तिकडं?"

म्हाताऱ्या माणसाला मन कसं आहे हे विचारायची किती तरी इंग्रजी वाक्यं मला पाठ आहेत. पण करमणं त्यातल्या एकातही बसत नाही. आणि इथे इतक्या वर्षांत मला ते कुणी विचारलंही नव्हतं.

"नाही करमत, बाबा," मी म्हटलं.

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. ऐकू गेलं की नाही, मला कळेना. मी पुन्हा सांगणार, तेवढ्यात ते म्हणाले, "मलेही नाही करमत."

मग त्यांनी फोन आईकडे दिला नाही. मीही ठेवला नाही.