काकूंचं पांघरूण उसवण्याआधी

रेवा आणि अमेय, पार्सलमधून आलेलं पांघरूण फार वेडंवाकडं आहे, चौकोन सुटे करून रंग जुळवून पुन्हा जोडू, असं तुम्ही फोनवर म्हणालात. कात्री उचलण्याआधी हे वाचा.

शेजारणींच्या भांडणांचा नकाशा लोकरीत मांडणारी बाई जगात एकच झाली, आणि पन्नासच्या दशकात ती मुलुंडला आमच्या समोरच्या खोलीत राहत होती. सगळी चाळ त्यांना काकू म्हणे. तुमचा बाबा तेव्हा माझ्या पोटात होता. मुलुंडला त्या काळी थंडी बरी पडायची, म्हणून काकूंनी फर्मान काढलं: बाळाच्या बारशाला पांघरूण तयार पाहिजे, प्रत्येकीनं क्रोशाचा एकेक चौकोन विणून द्यायचा, जोडायचं काम त्यांचं. नऊ चौकोन आले. कुणाचा पापडासारखा कडक, कुणाचा मासे धरायच्या जाळ्यासारखा सैल. मी कॉलेजात शिकलेली, तेव्हा कुठला रंग कुठे याचा आराखडा काढून दिला. काकूंनी त्याची घडी करून डुगडुगत्या स्टुलाच्या पायाखाली घातली.

"रंगाचं काय घेऊन बसलीस? माणसं बघ. या दोघी नळावर एकमेकींचं तोंड बघत नाहीत, त्यांना बाळाच्या अंगावर शेजारी बसवू? रात्रभर किरकिरेल ते."

मग काकू रोज सकाळी नळावर कानोसा घ्यायच्या. भांडण झालं की उसवायच्या, मिटलं की जोडायच्या. एकदा गॅलरीत पापड वाळत घालण्यावरून दोघी भांडल्या आणि दुसऱ्या दिवशी हसत एकत्र बाजारात गेल्या. काकू संतापल्या. रात्री बसून उसवलं होतं त्यांनी. भांडायचं तर आठवडाभर तरी टिकवा, असं त्यांनी दोघींना सुनावलं. त्या दोघी बिचाऱ्या, काकूंचा मान राखायला चार दिवस पाठीला पाठ लावून गप्पा मारत होत्या.

काकूंचं स्वतःचं वैर एकच, खालच्या मजल्यावरच्या थोरल्या जाऊशी. एका पितळी कढईवरून बोलणं बंद, तेही मी लग्न होऊन येण्याच्या आधीपासून. जाऊबाईंचा हिरवा चौकोन सगळ्यांत देखणा होता. काकूंनीही ते आवाज खाली आणून कबूल केलं. पण काकूंचा तांबडा चौकोन मधोमध, भांडणाऱ्यांच्या मध्ये घातलेला. हिरवा कुठेही धरला तरी तांबड्याला लागायचा. अगदी कोपऱ्यात ठेवला तरी टोकाला टोक. माझे दिवस भरले, तुमचा बाबा जन्मला, तरी काकूंचा निर्णय होईना.

बारशाला पांघरूण आलं ते एक कोपरा नसलेलं. जाऊबाईंनी ते पाळण्यात पाहिलं आणि मला विचारलं, "उंदरानं खाल्लं का गं?"

काकूंनी कमरेला खोचलेला हिरवा चौकोन काढला आणि माझ्याकडेच बघत म्हणाल्या, "त्यांना सांग, टोकाला टोक लागतं."

जाऊबाईंनी पांघरूण बाळाच्या पायांवर ओढून पाहिलं. मग म्हणाल्या, "लागू दे म्हणावं. पोराचे पाय उघडे पडतायत."

पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी बसल्या. एक कड काकूंनी जोडली, दुसरी जाऊबाईंनी. टोकाशी दोघींचे धागे भेटले आणि शेवटची गाठ काकूंनी मारली.

"केवढी गाठ ही," जाऊबाई म्हणाल्या, आणि या वेळी माझ्याकडे बघून नाही.

"मोठीच असू दे, वहिनी. मला आता पुन्हा उसवायचं नाही."

आता त्या दोघी नाहीत, ती चाळही नाही. बाकीचे जोड मी किती वेळा नव्यानं घातले. हिरव्या आणि तांबड्याच्या टोकाशी बोटाला एक बोजड गाठ लागेल. ती तेवढी त्यांचीच आहे, अजून सुटलेली नाही.