फाटक्या मालोजीची पाणपोई

गावात मला फाटक्या मालोजी म्हणतात. कर्जतहून खोपोलीला आगगाडी जाते, तिच्या वाटेवर एक फाटक आहे. केस पांढरे होईपर्यंत मी त्या फाटकावर नोकरी केली, म्हणून फाटक्या. पण हे परक्या माणसाला समजावून सांगावं लागतं. तो माझ्या धोतराकडे बघतो आणि कारण न विचारताच मान हलवतो.

नोकरी अशी की गाडी यायच्या आधी फाटक लावायचं, हिरवा बावटा दाखवायचा आणि गाडी गेली की फाटक उघडायचं. त्या वाटेवर गाड्या मोजक्याच. मधल्या वेळात खोपीच्या दारात बसायचं. लोक बाजाराला गेले, लग्नाला गेले, कोणी थेट मुंबईला गेले. मी त्यांना जरा अडवलं आणि मग जाऊ दिलं. स्वतः मात्र कुठंच गेलो नाही. एक दिवस साहेबानं सांगितलं, "मालोजी, म्हातारा झालास. आता घरी बस." मला हसूच आलं. इतकी वर्षं मी दुसरं काय करत होतो?

घरी आलो तर तिथंही बसायचंच काम. भाताची शेती मुलगा सदू बघतो, आणि माझ्यापेक्षा चांगली बघतो. मी बांधावर उभा राहून काही सांगायला लागलो की तो म्हणायचा, "बाबा, तुमी सावलीत बसा." तेव्हा मी सावलीत बसलो. पावसाळा गेला, थंडी गेली. शेवटी माझी बायको सोनुबाई म्हणाली, "अवो, घोंगडीला खड्डा पडला बसून बसून. जरा कर्जतपातूर तरी चालून या."

मी निघालो. निम्म्या वाटेवर आंब्याचं झाड दिसलं. पाय म्हणाले, आलं कर्जत. म्हटलं, घटकाभर टेकू. मग काय झालं ते मला ठाऊक नाही, कारण मी तिथं नव्हतो, मी झोपेत होतो. गावचा चांगो बैलगाडी घेऊन बाजारातून परत येत होता. तोंड उघडं टाकून आडवा पडलेला म्हातारा बघून त्याला वाटलं, आटपला. त्यानं मला उचलून पेंढ्यावर घातलं आणि घरी आणलं. डोळे उघडले तेव्हा गाडीभोवती गाव जमलं होतं आणि शेजारच्या सुंदरानं रडायला सूर लावला होता. सोनुबाई तेवढी रडत नव्हती. तिनं जवळ येऊन कान लावला होता आणि ती लोकांना सांगत होती, "घोरतंय म्हातारं. जा आपापल्या घरी."

त्या लाजेनं मला चालायला लावलं. पहाटे, कोणी उठायच्या आत निघायचो. पहिल्यांदा ओढ्यापर्यंत, मग नदीपर्यंत, मग राजमाचीखालच्या कोंडाण्याच्या वाटेला. पाय हळूहळू वठणीवर आले. फाटकाची सवय मात्र सुटेना. समोरून बैलगाडी आली की माझा हात आपोआप वर जायचा. बैल बिचारे थांबायचे आणि गाडीवान मला शिव्या द्यायचे.

चालायला लागल्यावर माणसाला आणखी काहीतरी करावंसं वाटतं. मला वाटलं, आपण पुण्य करावं. चैत लागला तसा मी कोंडाण्याच्या वाटेवर एका उंबराखाली झावळ्यांचा मांडव घातला, रांजण पुरला, वर ओलं फडकं बांधलं आणि पाणपोई सुरू केली. जागा नदीजवळची निवडली, म्हणजे पाणी आणायला मला लांब जावं लागू नये. नदी जवळ असली म्हणजे ती सगळ्यांनाच जवळ असते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यात त्या वर्षी उन्हाळाच आला नाही. एरवी वैशाखात आमच्याकडे दगड तापतो. त्या साली सकाळी राजमाचीच्या अंगाला ढग बसलेले असायचे, दुपारी खाडीकडून वारा यायचा आणि संध्याकाळी तर अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटायचं. सगळा मुलूख खूश होता. मी एकटा आभाळाकडे बघून ऊन मागत होतो. माणसाला पुण्याची हाव सुटली की तो असा दुसऱ्यांची तहान चिंतायला लागतो.

माझ्याच वयाचे सखा आणि पदू रोज संध्याकाळी गंमत बघायला यायचे.

"आज कोण प्यालं रं?" सखा विचारायचा.

"एक कुत्रं येऊन गेलं."

"मग पुण्य लागलं की! कुत्र्याला तान लागली व्हती का तू आग्रह केलास?"

मला सगळ्यात वाईट वाटायचं ते डोंगरातल्या बायांचं. वरच्या वाड्यांतून त्या लाकडाच्या मोळ्या नाहीतर करवंदांच्या पाट्या डोक्यावर घेऊन कर्जतच्या बाजाराला जायच्या. घामानं निथळत असायच्या. मी पळी घेऊन उभा राहायचो, "बायांनो, पाणी घ्या." त्या मानसुद्धा न वळवता पुढं जायच्या. मला वाटलं, माझ्या तोंडावर काहीतरी आहे. घरी येऊन सोनुबाईला विचारलं. ती म्हणाली, "हाय. पर ते आजचं नाय."

एक दिवस त्यांच्यातली एक थांबली. मैना तिचं नाव, ते मला मागून कळलं. डोक्यावर करवंदांची भली मोठी पाटी. मी लगेच पळी भरली.

"बाबा, पानी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आदी डोईवरचं उतरवा. मान मोडली माजी."

आता मी रेल्वेचा माणूस. लोखंडी फाटक उघडलेलं, मला पाटीचं काय? मी ऐटीत दोन्ही हात लावले आणि पाटी माझ्याकडे ओढली. पाटी आली. तिच्याबरोबर मी खाली आलो, माझ्यावर पाटी आणि पाटीतली करवंदं सगळ्या वाटेवर. मैना आधी घाबरली. मग मी करवंदांत बसून मुंडासं शोधतोय हे बघून तिला जे हसू फुटलं ते थांबेना. हसता हसता ती खाली बसली. मी वेचायला लागलो, तीही लागली. वेचून झाल्यावर तिनं ओंजळ पुढं केली आणि पोटभर पाणी प्याली.

"रोज का नाय पीत गं?" मी विचारलं.

"वज्याखाली वाकता येतंय का? आन उतरवलं तर परत चढवायचं कोनी? बाजारापातूर असंच जायाचं."

एवढी साधी गोष्ट मला महिनाभर रांजणाशेजारी बसून दिसली नव्हती. माझं धोतर जांभळं झालं होतं आणि गुडघ्यावर फाटलं होतं. घरी गेल्यावर सोनुबाईनं ते बघितलं आणि म्हणाली, "आता खरं शोभतंय नाव."

दुसऱ्या दिवसापासून मी पळी ठेवली आणि ओझी उतरवायला लागलो. पाठ सरळ ठेवायची, पाटी छातीशी घ्यायची, मग खाली टेकवायची, हे मैनानं शिकवलं. बाया बसायच्या, पाणी प्यायच्या, दोन शब्द बोलायच्या, मग मी ओझं परत डोक्यावर द्यायचो. रांजण दुपारीच रिकामा व्हायला लागला. मी इतका फुशारलो की सखाला म्हणालो, "बघ, माझ्यावाचून या वाटेचं अडतंय." त्याच आठवड्यात माझी कंबर धरली. सोनुबाईनं एरंडाचं तेल चोळलं आणि चोळता चोळता जे सुनावलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

उताणा पडल्या पडल्या सुचलं, की माणूस कशाला हवा? खांद्याइतक्या उंचीचा दगडी कट्टा बांधला तर बाई उभ्या उभ्या ओझं त्यावर सरकवेल आणि निघताना तसंच डोक्यावर घेईल. कंबर सुटल्यावर मी सखा-पदूला बोललो. ते हसले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही आले. नुसतं हसून हसून तेही कंटाळले असावेत. हवा गार होती म्हणून काम जमलं. एरवी आम्ही तिघं वैशाखात दगड उचलणारे नव्हे. नदीतले गोटे आणले, माती कालवली, भांडलो, भाकरी खाल्ली, परत भांडलो. कट्टा उभा राहिला तेव्हा मी लांब जाऊन बघितला. स्टेशनच्या बांधकामापेक्षा मला तो देखणा वाटला.

मैना मोळी घेऊन आली. कट्ट्यापाशी उभी राहिली. टाचा उंच केल्या. मोळी काही वर जाईना.

"बाबा, ह्यो कोनासाटी बांदलाय?"

मी माझ्या खांद्याइतका बांधला होता. आणि मी उंच आहे. माझ्या आयुष्यात तेवढीच एक गोष्ट उंच आहे, आणि तीही नडली. पदू तिथंच कपाळ धरून बसला. सखा म्हणाला, "मालोजी, ह्येच्यावर तूच आता वजं ठेव." मग आम्ही वरचे थर काढले. काढताना मैनाला शेजारी उभी केली आणि ती "बास" म्हणाली तिथं थांबलो. तिनं मोळी टेकवली, मान इकडून तिकडे फिरवली आणि पाण्याकडे गेली. आम्ही तिघं म्हातारे उगाचच इकडेतिकडे बघत राहिलो.

कट्टा झाला आणि माझी गरज संपली. बाया यायच्या, ओझं ठेवायच्या, आपल्या हातानं पाणी घ्यायच्या, जायच्या. दोन दिवस ते माझ्या मनाला फार लागलं. तिसऱ्या दिवशी सखानं विचारलं, "कशेळ्याच्या वाटंवर चढ हाय, तिथं एक बांदायचा का?" पदू म्हणाला, "पर माप आदी घिऊ." असे आम्ही चालायला लागलो. जाताना दगड कुठं चांगले ते बघायचं, येताना कुणाच्या तरी ओट्यावर ताक प्यायचं. मला झोप चांगली लागायला लागली, आता घरच्या घोंगडीवर.

एक दिवस सोनुबाई म्हणाली, "जन्म गेला इथं, कोंडाण्याची लेणी मी बघितली नायती. तुमी एवढं चालता, मला न्या."

मी मोठ्या तोऱ्यात पुढं झालो. झाडीत गारवा होता, वरून वारा उतरत होता. चढ लागला तसा मी मागं पडलो. मग एका दगडावर टेकलो आणि तिला म्हणालो, "तू हो पुढं, मी जरा वाट बघतो." ती गेली. बऱ्याच वेळानं खाली आली. पदर वाऱ्यानं उडत होता, चेहरा पोरीसारखा झाला होता.

"काय हाय गं वर?"

"दगडात कोरलेली घरं. केवढी उंच! आन आत असं गार, जसं काय माठात शिरलेय." तिनं माझ्याकडे बघितलं. "उठा. थोडंच ऱ्हायलंय."

थोडं नव्हतं. पण तिनं हात पुढं केला होता, म्हणून मी उठलो.