सरासरी वेग

“महाराणी, चाळीस आणि साठची सरासरी पन्नास. एवढंही येत नाही?” शिकवणीचे सर म्हणाले आणि वर्ग हसला.

धाकट्या बहिणीला न्यायला मी दारात उभी होते. फळ्यावरच्या गणितात गाडी एकशेवीस किलोमीटर ताशी चाळीसने गेली, साठने परतली. बहिणीच्या वहीतल्या अठ्ठेचाळीस या उत्तरावर लाल फुली होती. तिने मान खाली घातली, अगदी माझ्यासारखी. हळू जाणारा रस्त्यावर जास्त वेळ असतो, हे घाईतल्या माणसांच्या हिशेबात कधी येतच नाही. शाळेत मीही अशीच बरोबर उत्तरं मुकाट्याने खोडली होती.

तिने खोडरबर उचलला, तेव्हा मी म्हणाले, “खोडू नकोस. सर, जायला तीन तास लागले, यायला दोन. उत्तर अठ्ठेचाळीसच आहे.”