अप्पांनी दिलेलं उत्तर

गाणगापूरला अंगात आलेली माणसं मी लहानपणापासून बघत आलोय... आणि दरवेळी तिथून उठून चहाच्या टपरीकडे गेलोय. कलबुर्गीत माझा तूरडाळीचा व्यापार आहे. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, त्यामुळे हे लिहितानाही अवघडल्यासारखं होतंय.

आई ऐंशीच्या पुढची. गेली काही वर्षं तिला विसर पडत चाललाय. आधी नातवंडांची नावं गेली, मग मी. कधी मला भाऊ समजून ‘अण्णा’ म्हणायची, कधी भाडेकरू समजायची. एक सल मात्र ती विसरली नव्हती — माहेरी मुडबीत चौथी झाल्यावर अप्पांनी तिला पुढं बसवकल्याणच्या शाळेत का घातलं नाही? अप्पा म्हणजे तिचे वडील. ते माझ्या जन्माआधीच गेले. त्यांचा साधा फोटोसुद्धा आमच्याकडे नाही.

मागच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, मी तिला ताक पाजत होतो. बायको समोरच भाजी निवडत बसली होती. आईनं एकदम माझं मनगट धरलं.

“अप्पा, मला शाळंला कामून न्हाई धाडलं?”

अगं, मी तुझा मुलगा — असं सांगायला तोंड उघडलं... आणि भलतंच बाहेर पडलं.

“गेलतो गं मालन. तुझं नाव घालायलाच गेलतो. मास्तर कागद पुढं केला, वाच म्हणला. मला वाचायला येत न्हवतं. लाज वाटली, तसाच माघारी आलो. तुझं काय चुकलं न्हाई, बाळा.”

हे शब्द मी जुळवले नव्हते. बायको सांगते, आवाज माझाच होता, पण बोलताना मी पाठीत वाकलो होतो. आईला नावानं हाक मारताना तर बायकोनं मला कधीच ऐकलं नव्हतं.  आई “व्हय का,” एवढंच म्हणाली आणि मनगट सोडलं.

संध्याकाळी मुडबीला मामांना फोन लावला. ते आईहून मोठे. सगळं सांगितलं.

“बैलगाडी मीच हाकत होतो,” मामा म्हणाले. “कुणाला सांगू नको म्हणून अप्पा शपथ घातले होते. तुझ्या मामीलाबी म्हाईत न्हाई. तुला कोण सांगितलं?”

मी फोन ठेवून दिला.

आईनं तो प्रश्न पुन्हा काढलेला नाही. दुपारची निवांत झोपते. माझंच कुठं चित्त लागत नाही. बाजारात कुणी बिल पुढं केलं की कधीकधी अक्षरंच ओळखू येत नाहीत... क्षणभर नुसत्या रेघा दिसतात. डोळे तपासले, डोक्याचा स्कॅन झाला. सगळं नॉर्मल आहे म्हणतात. लहानपणी घरात कुठंतरी ऐकलं असेल, अशी मनाची समजूत घालून बघितली. पण ऐकणार कुणाकडून? खुद्द आईलाच ते माहीत नव्हतं.

त्या दुपारी कोण बोललं, ते मला अजूनही सांगता येत नाही. परवा बँकेत सहीसाठी कागद पुढं आला. हातात पेन होतं... आणि मी अंगठा पुढं केला.