दीड मिलिमीटरची खोट

गल्लीत कुणालाही विचारा, गिटारवाल्या मिस्त्रींचं खरं नाव सांगता येणार नाही. ते सगळ्यांचे टकटक. समोर लाकूड आलं की बोटाच्या पेरानं वाजवायचं आणि कान लावायचा, ही त्यांची जन्माची खोड. दवाखान्यात गेले तर डॉक्टरांच्या टेबलावर टकटक. लेकीचा होणारा नवरा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्याच्या खुर्चीची पाठ वाजवून ते म्हणाले, "आतून पोकळ आहे." बोलले होते खुर्चीबद्दल, पण ते लग्न काही झालं नाही.

जावई आला नाही, त्याऐवजी मशीन आलं. लेक एका फर्निचरच्या कारखान्यात बारा वर्षं सीएनसी राउटर चालवत होती. आई गेल्यावर ती नोकरी सोडून वडिलांकडे आली आणि मागोमाग टेम्पोतून तसलंच एक मशीन घेऊन आली. पलंगाएवढं टेबल, त्यावर सरकणारा आडवा दांडा, दांड्याला गरगरणारा कटर आणि शेजारी कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, फळी टेबलाला आवळायची, बटण दाबायचं. कटर आपला आपण फिरत चित्राबरहुकूम लाकूड खात जातो. टकटकांनी त्याला नाव ठेवलं जावईबापू. प्रशस्त जागा लागते, धूळ खपत नाही आणि बोलायला लागला की घरात दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही.

गिटारचं धड कापायला जावई वाकबगार आहे, हे त्यांनी महिन्याभरात कबूल केलं. पण मानेला हात लावू दिला नाही. तारांखालचा लांब दांडा, जो वाजवणारा डाव्या मुठीत धरतो, त्याला ते मान म्हणत. "मान काय, कुणीही कापेल," ते म्हणायचे. "राखायची कुणी?"

मान राखणारी होती त्यांची बायको. कारखाना म्हणजे पुढची खोली, घर म्हणजे मागची. हे रंध्यानं आणि कानशीनं मान घासत बसायचे आणि जरा आकार आला की हाक मारायचे, "अगं, येतेस का?" ती ओले हात पदराला पुसत यायची, स्टुलावर बसायची, डोळे मिटायची आणि डाव्या हातात मान धरून वर-खाली सरकवायची.

"बोचतंय," ती म्हणायची.

"कुठे?"

"अंगठ्याखाली."

ते पुन्हा घासायचे. ती चुलीवरचं बघून पुन्हा यायची. चार-पाच खेपा व्हायच्या, कधी सात. मग एका खेपेला तिचा चेहरा सैल पडायचा आणि ठरलेलं वाक्य यायचं, "हात बसला. आता तुम्ही उठा." म्हणजे जेवायला चला. चौतीस वर्षं हे वाक्य ऐकूनही टकटकांना दर वेळी हसू यायचं. तिला एक सूरही वाजवता येत नव्हता. म्हणूनच तिचा हात भिडस्त नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

ती गेली, आणि वर्षभरात त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. चहाचा कप बशीत वाजायला लागला. कानस धरली की ती लाकडावर नाचायची. तरी ते रोज सकाळी बाकावर जाऊन बसत आणि हत्यारं पुसून परत ठेवत.

अशात एक दिवस गिटारचे मास्तर आले, हातात गिटारची पेटी आणि तोंड उतरलेलं. टकटकांनी तीस वर्षांपूर्वी केलेली त्यांची गिटार जिन्यावरून पडली होती. धड वाचलं होतं, मानेचे तीन तुकडे झाले होते.

"दुसऱ्या दोघांना दाखवली," मास्तर म्हणाले. "ते म्हणतात, नवी मान बसवू. मला नवी नकोय. हीच हवीय."

टकटकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो हात नाही म्हणत होता, आणि तोंड "बघतो" म्हणालं. मास्तर गेल्यावर त्यांनी लेकीकडे न बघता सांगितलं, "सांग तुझ्या जावईबापूला."

मोडलेल्या मानेवरून मापं निघेनात. म्हणून लेकीनं घरातली एक आणि दुरुस्तीला आलेल्या दोन, अशा त्यांच्याच हातच्या तीन गिटार घेतल्या, मशीनला मापाची सुई लावून माना टिपल्या आणि चित्र तयार केलं. चौथ्या दिवशी मान टेबलावरून उतरली, गुळगुळीत, दोन्ही अंगांनी सारखी. टकटकांनी पेरानं वाजवली, ऐकली. मग डोळे मिटून डाव्या हातात धरली आणि वर-खाली सरकवून पाहिली.

"लाकूड चांगलंय," ते म्हणाले. "काम चोख आहे. पण ही आपली नाही."

लेक दुखावली. रात्रंदिवस खपून हे ऐकायचं होतं तर. "बाबा, तुमच्या तिन्ही माना वाकड्या निघाल्या. जाड तारांच्या बाजूला दीड मिलिमीटर जास्त घासलेल्या. मी ती चूक सरळ केली, एवढंच."

"माझ्या माना वाकड्या? जावयाच्या नादी लागून बापाला शिकवायला निघालीस?"

वडिलांचा आवाज चढला तशी तीही इरेला पेटली. तिन्ही गिटार बाकावर ओळीनं ठेवून तिनं कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. तीन रेघा, तिन्ही एकाच जागी आत गेलेल्या. टकटकांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. हात चुकला असता तर एकदा इथे चुकला असता, एकदा तिथे. सोळा वर्षांच्या काळात केलेल्या तीन गिटार, आणि खळगा तसूभर हललेला नाही.

"अंगठ्याखाली," ते पुटपुटले आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी कारखान्याचं दार लोटताना त्यांनी बघितलं नव्हतं आणि तिचा डावा अंगठा बिजागरीत सापडला होता. हाड वाकडं जुळलं. पुढे जन्मभर तो अंगठा सरळ झाला नाही. तिनं कधी बोल लावला नाही, त्यांनी कधी विषय काढला नाही. आणि वर्षानुवर्षं ती "बोचतंय" म्हणत राहिली आणि ते त्या वाकड्या अंगठ्यापुरतं लाकूड घासत राहिले. लोक म्हणायचे, टकटकांची गिटार हातात आपोआप बसते. टकटक समजायचे, आपली कारागिरी.

हे सगळं त्यांनी लेकीला सांगितलं. लेक उठली, कॉम्प्युटरपाशी गेली आणि सरळ केलेली रेघ पुन्हा होती तशी केली. चित्राला नाव द्यायची चौकट आली. तिनं लिहिलं: आई.

पुढची मान दुसऱ्या दिवशी दुपारी उतरली. शेवटचा पॉलिश पेपर टकटकांनी स्वतः मारला. त्या कामाला थरथरता हात चालतो. मग ती त्यांनी लेकीपुढे धरली. लेक आईच्या स्टुलावर बसली, डोळे मिटले, डाव्या हातात मान धरून वर-खाली सरकवली. तिचा अंगठा खळग्यात जाऊन थांबला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरलेला हात तिला लख्ख आठवला.

"हात बसला," ती म्हणाली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "आता तुम्ही उठा, बाबा."

टकटकांना हसू आलं, आणि त्यापाठोपाठ रडू. ते मात्र बराच वेळ उठले नाहीत.